गडद म्हणजे थंड नव्हे: गाडीच्या काचांसाठी फिल्म कशी निवडावी

फिल्म लावायला निघालेल्या बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो: किती काळी लावू? दुकानात नमुन्यांची वही पुढे येते. भर दुपारच्या उजेडात दोन-चार तुकडे काचेला लावून पाहिले जातात, त्यातला एक डोळ्यांना बरा वाटतो आणि काही तासांत गाडी तयार होते. त्रास नंतर सुरू होतो. पावसाळी रात्री दाराच्या काचेतून आरसा नीट दिसत नाही. तपासणीत काचेतून येणाऱ्या उजेडाचा आकडा कमी भरला म्हणून फिल्म सोलावी लागते. दोन वर्षांत काच जांभळट पडते. आणि सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे, इतकी काळी फिल्म लावूनही गाडी तापतेच!

या सगळ्यांचं मूळ एकाच गैरसमजात आहे. काच किती गडद दिसते आणि ती किती उष्णता अडवते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती गडद चालेल हे नियमाने आणि तुमच्या रात्रीच्या नजरेने ठरतं. गाडी किती तापेल हे मुख्यतः फिल्मच्या प्रकारावर अवलंबून असतं. त्यामुळे गडदपणापासून सुरुवात केली की पुढचं सगळं चुकत जातं. खाली दिलेल्या क्रमाने जा, टप्पे मागेपुढे करू नका.

## आधी चार शब्द

व्हीएलटी: काचेतून आरपार जाणाऱ्या दृश्य प्रकाशाची टक्केवारी. ३५ टक्के व्हीएलटी म्हणजे ३५ टक्के उजेड आत येतो. आकडा लहान तेवढी काच काळी. हे उलटं समजून चुकीची फिल्म मागणारे पुष्कळ भेटतात.

टीएसईआर: सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी किती टक्के ऊर्जा आत येत नाही, तो आकडा. यात अतिनील, दृश्य प्रकाश आणि इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारे, पण उष्णता देणारे किरण) तिन्ही धरलेले असतात. उष्णतेसाठी पाहायचा आकडा हा.

आयआर रिजेक्शन: फक्त इन्फ्रारेडपुरता आकडा. जाहिरातीत हाच सगळ्यांत मोठ्या अक्षरांत असतो. त्याबद्दल पाचव्या टप्प्यात सविस्तर.

यूव्ही: अतिनील किरण. त्वचेला आणि सीटच्या कापडाला यांचा त्रास होतो, पण गाडी तापण्यात यांचा वाटा अगदी थोडा असतो.

जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत साधारण निम्मा वाटा इन्फ्रारेडचा असतो. त्याहून थोडा कमी दृश्य प्रकाशाचा, आणि यूव्हीचा जेमतेम ३ ते ५ टक्के. नुसता उजेड अडवणारी फिल्म कितीही काळी असली तरी या निम्म्या वाट्याला ती फारशी हात लावत नाही, याचं कारण इथे आहे.

## टप्पा १: नियम काचेगणिक लिहून काढा

एक कागद घ्या आणि गाडीतल्या काचा एकाखाली एक लिहा: समोरची काच, पुढच्या दारांच्या काचा, मागच्या दारांच्या, मागची काच, सनरूफ असेल तर तीही. तुमची गाडी जिथे चालते तिथल्या परिवहन खात्याचा नियम मिळवा आणि प्रत्येक काचेपुढे ही उत्तरं भरा:

- किमान व्हीएलटी किती हवी? हा आकडा काच आणि फिल्म मिळून मोजतात की फक्त फिल्मचा?
- नंतर चिकटवलेली फिल्म मुळात चालते का? काही ठिकाणी कारखान्यात रंगवलेली काच चालते, पण तेवढ्याच गडदपणाची वरून लावलेली फिल्म चालत नाही.
- आरशासारखी चमकणारी फिल्म चालते का?
- समोरच्या काचेच्या वरच्या कडेला पट्टी लावता येते का, आणि किती रुंद?
- त्वचेच्या किंवा डोळ्यांच्या आजारासाठी सवलत आहे का, आणि तिचा कागद कोण देतं?

सावधान: "सगळे लावतात, कोणी विचारत नाही" हे दुकानातलं उत्तर पुरावा म्हणून धरू नका. दंड गाडीच्या मालकाला होतो, दुकानदाराला होत नाही.

तुमच्या भागात फिल्मला बंदीच असेल तर पुढचे टप्पे सोडून द्या. उभ्या गाडीत समोरच्या काचेवर लावायचा चमकदार पडदा आणि उतरताना काचा बोटभर खाली ठेवणं, एवढ्यानेही फरक पडतो. मागच्या दारांना जाळीचे पडदे लावायचे तर तेही नियमात बसतात का, ते पाहून घ्या.

## टप्पा २: मूळ काच मोजा

हा टप्पा बहुतेक सगळे गाळतात आणि तपासणीत अडकणाऱ्यांची गाडी इथेच रुतलेली असते.

कारखान्यातून आलेली काच पूर्ण पारदर्शक नसते. साध्या, किंचित हिरवट काचेची व्हीएलटी बहुतेक वेळा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास असते. त्यावर फिल्म चढली की दोन्ही आकड्यांचा गुणाकार होतो. काच ७५ टक्क्यांची आणि फिल्म ३५ टक्क्यांची असेल तर हाती उरतात सुमारे २६ टक्के. "मी ३५ ची लावली आहे" म्हणणाऱ्याची काच प्रत्यक्षात २६ ची असते.

उलट बाजूने हिशेब करून पाहा. समजा नियम म्हणतो की काच आणि फिल्म मिळून ७० टक्के उजेड आत आला पाहिजे, आणि तुमची काच ७५ ची आहे. ७० भागिले ७५ केलं तर फिल्म किमान ९३ ते ९४ टक्क्यांची हवी. "७० ची फिल्म" लावली तर उरतात ५२ टक्के. नियम ७० चा, फिल्मच्या डब्यावरही ७०, तरीही काच नापास. हा घोळ मी इतक्यांदा पाहिला आहे की व्हीएलटी मोजणारं मीटर नसलेल्या दुकानात फिल्म लावूच नका असं मी स्पष्ट सांगतो.

मोजताना काच आतून-बाहेरून पुसलेली हवी. धुळीचा थरही आकडा खाली आणतो. प्रत्येक काच वेगळी मोजा. पुढच्या दारांची आणि मागच्या दारांची काच अनेक गाड्यांत सारखी नसते.

काही मोठ्या गाड्यांना मागच्या बाजूला कारखान्यातूनच काळी काच येते. तिचा रंग काचेच्या आतच मिसळलेला असतो. तिचा मुख्य उपयोग आतलं बाहेरून दिसू नये हा, आणि दिसते त्या मानाने ती उष्णता कमीच अडवते. अशा काचेवर आणखी काळी फिल्म लावायची घाई होते, आणि २० टक्क्यांची काच एकदम पाच-सात टक्क्यांवर येते. तिथे उष्णता अडवणारी, जवळजवळ पारदर्शक फिल्म लावावी.

मोजता मोजता आणखी तीन गोष्टी नोंदवा:

- जुनी फिल्म आहे का? दाराची काच थोडी खाली करून वरची कड आतून नखाने चाचपा. फिल्म असेल तर कड लागते.
- मागच्या किंवा बाजूच्या काचेत अँटेनाच्या तारा आहेत का?
- समोरच्या काचेमागे कॅमेरा, पावसाचा सेन्सर किंवा उजेडाचा सेन्सर आहे का?

तपासा: कागदावर आता प्रत्येक काचेपुढे दोन आकडे हवेत, नियमाचा आणि मोजलेला. दुसऱ्याने पहिल्याला भागलं की त्या काचेला चालणारी सर्वांत गडद फिल्म कळते. नियमातला आकडा फक्त फिल्मपुरता असेल तर भागाकाराची गरज नाही.

## टप्पा ३: मुख्य हेतू एकच ठरवा

उष्णता, डोळ्यांवर येणारी तिरीप, त्वचा, खासगीपणा. "सगळंच हवं" म्हणालात की विक्रेता सर्वांत काळी किंवा सर्वांत महाग फिल्म पुढे करतो.

त्वचेची काळजी असेल तर गडदपणाची गरज नाही. चांगल्या फिल्म, पारदर्शक असल्या तरी, ९९ टक्के यूव्ही अडवतात. समोरची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर घालून बनवलेली असल्यामुळे ती बरीचशी यूव्ही आधीच थांबवते. बाजूच्या साध्या टेम्पर्ड (एकाच थराच्या, तापवून मजबूत केलेल्या) काचेतून मात्र यूव्ही-ए हा यूव्हीचा प्रकार बऱ्यापैकी आत येतो, म्हणून फिल्मचा खरा उपयोग तिथे.

खासगीपणासाठी मात्र काळोखाला पर्याय नाही, आणि तोही दिवसापुरता. रात्री आतला दिवा लावला की काळ्या काचेतूनही आतलं दिसतं.

काच फुटून अंगावर येऊ नये हा हेतू असेल तर ती वेगळी, जाड सुरक्षा फिल्म असते, १०० मायक्रॉन किंवा त्याहून जाड. नेहमीची फिल्म ४० ते ५० मायक्रॉनच्या घरातली. जाड फिल्मने काच अभेद्य होत नाही, तुकडे धरून ठेवले जातात. मात्र अपघातात काच फोडून बाहेर पडायलाही जास्त वेळ लागतो, हे लक्षात ठेवूनच ती निवडा.

## टप्पा ४: फिल्मचा प्रकार निवडा

रंगवलेली फिल्म. पॉलिस्टरच्या थरात किंवा गोंदात रंग मिसळलेला असतो. सर्वांत स्वस्त, दिसायला छान, मोबाइल-रेडिओच्या सिग्नलला अडथळा नाही. उष्णतेचं काम मात्र कच्चं: ती उजेड शोषून घेते, स्वतः तापते आणि त्यातली बरीच उष्णता आतच सोडते. स्वस्त रंगातले घटक उन्हाने सारख्या वेगाने उडत नाहीत, म्हणून उरलेला रंग जांभळा दिसू लागतो. तिरीप कमी करायची आहे आणि गाडी बहुतेक सावलीत असते, एवढ्याच गरजेसाठी ही ठीक.

धातूची फिल्म. अतिशय पातळ धातूचा थर ऊन परत फेकतो. उष्णतेला चांगली, टिकायलाही चांगली. अडचण सिग्नलची. मोबाइल, दिशादर्शक, टोलचा टॅग, काचेतली रेडिओची अँटेना, यांपैकी कशावरही परिणाम होऊ शकतो. बाहेरून चमकते, त्यामुळे काही ठिकाणी नियमातही बसत नाही. दुसऱ्या टप्प्यात काचेत अँटेना सापडली असेल तर हा प्रकार यादीतून खोडा. धातू आणि रंग मिसळून केलेली हायब्रिड फिल्मही असते. तिची चमक कमी, पण सिग्नलचा प्रश्न तिलाही लागू.

कार्बन फिल्म. रंगाऐवजी कार्बनचे कण. रंग उडत नाही, सिग्नल अडत नाही, काळा रंग मॅट आणि एकसारखा दिसतो. उष्णता रंगवलेल्या फिल्मपेक्षा जास्त अडवते, चांगल्या सिरॅमिकपेक्षा कमी. मधला रस्ता हवा असेल तर हा प्रामाणिक पर्याय आहे.

सिरॅमिक फिल्म. यात धातूंच्या ऑक्साइडसारख्या पदार्थांचे नॅनो आकाराचे कण असतात. ते इन्फ्रारेड अडवतात आणि दृश्य प्रकाश बराचसा जाऊ देतात, म्हणून ही फिल्म जवळजवळ पारदर्शक राहूनही उष्णतेवर काम करते. सिग्नलला अडथळा येत नाही. नियम कडक असेल किंवा रात्रीचं वाहन चालवणं जास्त असेल तर माझा कौल हिलाच. फक्त एक समजून घ्या: सिरॅमिक फिल्म उष्णता बहुतांशी परावर्तित करत नाही, शोषते. गाडी चालू असताना बाहेरचा वारा काचेतली ही उष्णता ओढून नेतो. गाडी उन्हात तासन्‌तास उभी राहिली तर त्यातला काही भाग आत येतोच. "सिरॅमिक लावली, आता उन्हात ठेवली तरी गाडी गार राहील" अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होईल. उभ्या गाडीला समोरचा पडदा तरीही लागतो.

बहुस्तरीय ऑप्टिकल फिल्म. पॉलिमरचे शेकडो अतिपातळ थर एकमेकांवर रचून इन्फ्रारेडचा ठरावीक पट्टा परत फेकला जातो. धातू नसल्याने सिग्नल सुरक्षित. काम उत्तम, किंमत सर्वांत वर. समोरच्या मोठ्या काचेसाठी, नियमात बसत असेल तर, विचार करण्यासारखी.

सावधान: "सिरॅमिक" हा शब्द डब्यावर छापायला काहीच लागत नाही. साध्या रंगवलेल्या फिल्ममध्ये चिमूटभर कण घालूनही तो छापता येतो. म्हणून नावावर न थांबता पुढच्या टप्प्यातले आकडे मागा.

## टप्पा ५: आकड्यांचा कागद वाचा, दिव्याच्या खेळाला भुलू नका

दुकानात एक प्रयोग दाखवतात. लाल दिव्यासमोर दोन काचा, एक साधी, एक फिल्मची. हात लावा, फरक पाहा. हात खरंच गार राहतो आणि तिथेच सौदा होतो.

त्या दिव्याची बहुतेक ऊर्जा इन्फ्रारेड असते, त्यामुळे इन्फ्रारेड अडवणारी कुठलीही फिल्म तिथे जिंकते. सूर्याच्या ऊर्जेत दृश्य प्रकाशाचा मोठा वाटा असतो आणि तो या प्रयोगात मोजलाच जात नाही. शिवाय प्रयोग काही सेकंदांचा असतो. दिवा पाच मिनिटं चालू ठेवायला सांगा आणि मग फिल्म लावलेली काच चाचपा. शोषलेली उष्णता तिथे हाताला लागेल.

कागदावर हे पाहा:

१. टीएसईआर किती आहे? तो सरळ पडणाऱ्या उन्हासाठी मोजला आहे की तिरप्या, ६० अंशांच्या? तिरप्या कोनात आकडा आपोआप वाढतो. दोन फिल्मची तुलना एकाच कोनातल्या आकड्यांची करा.

२. आयआरचा आकडा कोणत्या तरंगलांबीपर्यंतचा आहे? सूर्याचा इन्फ्रारेड साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटरपर्यंत पसरलेला असतो. "९७ टक्के आयआर" हा आकडा ९०० ते १००० नॅनोमीटर एवढ्याच अरुंद पट्ट्यातला असू शकतो.

३. आकडे कोणत्या व्हीएलटीच्या फिल्मचे आहेत? त्याच मालिकेतल्या सर्वांत काळ्या फिल्मचे आकडे दाखवून सर्वांत पारदर्शक विकली जाते. तुम्ही घेणार त्याच फिल्मची ओळ वाचा.

४. हेझ, म्हणजे फिल्मचा दुधाळपणा, किती? कमी तेवढा चांगला. नमुना हातात धरून समोरच्या तेजस्वी दिव्याकडे पाहा. दिव्याभोवती धुरकट वलय दिसलं तर रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांभोवतीही ते दिसणार.

तपासा: विक्रेत्याकडे टीएसईआर लिहिलेला कागद नसेल, फक्त आयआरची टक्केवारी असेल, तर तिथून फिल्म घेऊ नका.

## टप्पा ६: गडदपणा आता ठरवा, आणि रात्री ठरवा

मर्यादा तुमच्या कागदावर आहेच. त्या मर्यादेत किती जायचं हे दिवसा ठरवू नका.

दोन वेगवेगळ्या व्हीएलटीचे तळहाताएवढे नमुने मागून घ्या. अंधार पडल्यावर पुढच्या दाराची काच आतून ओली करून, बाजूचा आरसा जिथून दिसतो तिथे नमुना बसवा. ड्रायव्हरच्या सीटवर नेहमीसारखं बसा. गाडी दिवे नसलेल्या कोपऱ्यात उभी करा आणि आरशातून गडद कपडे घातलेला माणूस ओळखू येतो का ते पाहा. काचेवर पाणी मारून पुन्हा पाहा. पायी चालणारा आणि दिवा नसलेला सायकलस्वार या दोघांना हेरण्यासाठी तुम्हाला त्या काचेची गरज असते, आणि ते स्वतःहून चमकत नाहीत.

मी स्वतः एकदा पुढच्या दारांना फार गडद फिल्म लावून घेतली होती. एका रात्री डावीकडे वळताना सायकलवरचा मुलगा मला अगदी शेवटच्या क्षणी दिसला. दुसऱ्याच दिवशी ती फिल्म काढली. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: नियम परवानगी देत असला तरी पुढच्या दारांची काच फिल्मसकट ५० टक्क्यांच्या खाली नेऊ नये. मागच्या दारांना सूट घ्या. मागच्या काचेच्या बाबतीत मागचा कॅमेरा आहे म्हणून बिनधास्त होऊ नका. चालत्या गाडीत तुम्ही आरशातूनच मागे पाहता.

घरात एकाहून जास्त लोक गाडी चालवत असतील तर हा प्रयोग सर्वांत वयस्कर चालकाला बसवून करा. वय वाढतं तशी अंधारात बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि डोळ्यात कमी उजेड शिरतो.

## टप्पा ७: फिल्म लावण्याचा दिवस

चांगली फिल्म वाईट हातांनी वाया जाते. आधी विचारा:

- बंद, धूळ नसलेली जागा आहे का? उघड्यावर लावलेल्या फिल्मखाली धूळ अडकतेच.
- फिल्म यंत्रावर कापणार की काचेवर ठेवून? काचेवर पाती चालवली की काचेवर ओरखडे राहू शकतात. यंत्रावर कापलेली बरी.
- मागची काच अखंड तुकड्यात होणार ना? ती वक्र असते. कुशल कारागीर बाहेरून हीट गनने फिल्म आकसून घेतो. जोड देणार म्हणाले तर दुसरीकडे जा.
- दाराच्या स्विचवर आणि डॅशबोर्डवर पाणी जाऊ नये म्हणून काय झाकणार? लावताना पुष्कळ पाणी फवारलं जातं.
- कॅमेरा आणि सेन्सरसमोरचा भाग मोकळा सोडणार ना?

जुनी फिल्म काढायची असेल तर मागच्या काचेवर वाफ वापरायला सांगा. पात्याने खरवडलं की डीफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवण्यासाठी तापणाऱ्या) रेषा तुटतात आणि त्या काचेचा तो भाग पुन्हा तापत नाही.

फिल्म लावायच्या आधी रोलचा डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा. नाव, मॉडेल, व्हीएलटी आणि रोलचा क्रमांक यांचा फोटो काढा आणि तेच बिलावर लिहून घ्या. हमीपत्रावर "सिरॅमिक फिल्म" एवढंच असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

## टप्पा ८: गाडी ताब्यात घेताना आणि पुढचा महिना

सगळ्यात आधी मीटर लावा. प्रत्येक काचेचा आकडा वाचा आणि कागदाशी ताडून पाहा. मग बाहेरून आणि आतून, दोन्ही बाजूंनी कडा बघा.

पाण्याचे छोटे फुगे आणि धुरकटपणा पहिल्या दिवसांत दिसणं साहजिक आहे. वाळताना ते जातात. पण फिल्मखालचा धुळीचा खडा, केस, सुरकुती, किंवा कडेला बोटासारखी उभी राहिलेली घडी आपोआप जात नाही. या गोष्टी दिसल्या तर तिथल्या तिथे दाखवा. मागच्या काचेच्या कडेला काळ्या ठिपक्यांची पट्टी असते, तिच्यावर फिल्म नीट टेकत नाही आणि पांढरट दिसते. तो बहुतेक वेळा कारागिराचा दोष नसतो.

पुढे:

- काचा ३ ते ५ दिवस खाली करू नका. हवा थंड किंवा दमट असेल तर आणखी थांबा. विसर पडू नये म्हणून काचेच्या बटणांवर कागदी पट्टी चिकटवा, कारण मागच्या सीटवरचं मूल हमखास बटण दाबतं.
- आठवडाभर काच आतून पुसू नका. डीफॉगर कधी चालू करायचा ते कारागिराला विचारून घ्या.
- उरलेला ओलावा पूर्ण जायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. फुगे सुईने फोडू नका.
- पुसायला अमोनिया असलेला काच-क्लीनर वापरू नका, त्याने फिल्म खराब होते. मऊ मायक्रोफायबर कापड आणि सौम्य साबणाचं पाणी पुरतं.

महिन्याभराने, फिल्म पूर्ण वाळल्यावर, एकदा दुकानात जाऊन पुन्हा मीटर लावून घ्या आणि ते आकडे तारखेसह बिलाच्या मागे लिहून बिल गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा.